लांब हॉर्न

ब्रह्मपुरीच्या आसपास पहाटे कोणी एकट्याने धावत नाही. वाघ आता शिवारापर्यंत येतात. म्हणून धावणाऱ्याच्या मागे कोणीतरी दुचाकीवर, दिवा लावून, हळू यावे अशी रीत आपोआप पडून गेली आहे. पोलीस भरतीची तयारी करणारे आपसात पाळ्या लावून घेतात. माझ्या मागे माझी पत्नी असे. तिची पाळी कधी बदलली नाही.

कॉलेजात असताना मी लांब पल्ल्याच्या शर्यती धावलो होतो. मग शाळेत नोकरी लागली आणि धावणे सुटले. इतके हळूहळू सुटले की त्याचे दुःखही झाले नाही. त्रेपन्नाव्या वर्षी रक्तात साखर निघाली. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितले. मी धावू लागलो. यात प्रकृतीपेक्षा गर्वाचा वाटा मोठा होता, हे मला तेव्हाही ठाऊक होते. आधी दोन किलोमीटर, मग पाच, मग दहा. मनगटावर घड्याळ आले. आरमोरीच्या रस्त्यावरून आत वळणाऱ्या, माझ्या रोजच्या फाट्याच्या कोणत्या चढावर माझी नाडी किती पडते, हे मी झोपेतूनही सांगू शकलो असतो. शेजाऱ्यांना ते सांगतही असे.

पत्नी अंगणवाडी सेविका आहे. चारला उठून ती दोघांचे डबे करी आणि शाल गुंडाळून स्कूटी बाहेर काढी. हिवाळ्यात तिची बोटे गारठून जात. तिच्यासाठी हातमोजे आणावेत असे माझ्या मनात अनेकदा आले. त्याच हिवाळ्यात मी स्वतःसाठी बुटांचा दुसरा जोड मागवला.

"इतक्या हळू गाडी चालवून मनगट दुखून राह्यलं जी," ती एकदा म्हणाली. "थोडे जोरात धावा, नाईतं तुमी गाडीवर बसा, मी धावतो."

"तू धावशील?" मी हसलो.

"काऊन? मोहफुलं येचाले कोसकोस जात होतो आमी. टोपलं डोक्यावर घेऊन. तुमच्या घड्याळाले विचारा, त्याले जमते का ते."

ती जंगलाला लागून असलेल्या गावची. तिथल्या बाया उन्हाळ्याच्या तोंडाशी पहाटे टोळीने मोहफुले वेचायला जातात. वेचताना झाडाझाडाखाली पांगतात, पण थोड्या थोड्या वेळाने त्यांच्यातली एक हाक देते आणि प्रत्येकीने 'ओ' दिल्याशिवाय कोणीही पुढच्या झाडाकडे सरकत नाही. एखादीची 'ओ' आली नाही, तर साऱ्या जणी टोपली तिथेच टाकून तिच्या दिशेने निघतात. पत्नी लहानपणापासून या शिस्तीत वाढलेली. तरी आमच्या धावण्याचे नियम मात्र मी केले, कारण नियम करणे हा माझा पेशा. एक लहान हॉर्न म्हणजे मागून वाहन येत आहे. दोन लहान म्हणजे परत फिरू. एक लांब हॉर्न म्हणजे धोका. जागीच थांबायचे आणि गाडीजवळ यायचे. शाळेत प्रार्थनेनंतर जंगलालगतच्या गावांसाठीच्या सूचनाही मीच वाचून दाखवत आलो होतो: वाघ दिसल्यास पळू नये, पाठ दाखवू नये, एकत्र उभे राहून आवाज करावा. दरवर्षी, त्याच गंभीर स्वरात.

ती सकाळ मार्चमधली. चांगले उजाडले होते. दोन्ही बाजूंना धानाच्या रिकाम्या बांध्या, डावीकडे एक बोडी, म्हणजे शेताला पाणी देणारे लहान तळे, आणि तिची उंच पाळ. मी पुढे होतो. गाडी माझ्या मागे वीस-पंचवीस पावलांवर. लांब हॉर्न वाजला.

मी थांबलो आणि वळलो, इतके मी केले. वाघ बोडीच्या पाळीवरून उतरून रस्त्याच्या कडेला आला होता, माझ्यापेक्षा तिच्या जवळ. तिने ब्रेक दाबला तशी गाडी बंद पडली होती. एक पाय जमिनीला टेकवून, अंगठा हॉर्नवर तसाच ठेवून ती त्याच्याकडे तोंड करून उभी होती. मग तिने माझ्याकडे पाहिले. ती घाबरलेली नव्हती. मी येण्याची ती वाट पाहत होती, इतकेच.

मी पळालो.

मला काही सुचले नाही, शरीराने आपले आपण ठरवले, असे मी पुढे कित्येक दिवस स्वतःला सांगत राहिलो. ते खरे नाही. धावताना मला हॉर्न ऐकू येत होता. एकसारखा, मध्ये न तुटता. तो वाजतो आहे तोवर ती उभी आहे, हे मला समजत होते. आणि जितका वेळ ती उभी राहील तितका वेळ मला मिळेल, हेही मला समजले होते. हे वाक्य लिहायला मला एक वर्ष लागले आहे.

रस्ता जिथे संपतो तिथे आठ-दहा घरांचा टोला आहे. तिथे पोचलो तेव्हा धाप लागली होती. 'वाघ' एवढेच बोललो. माणसे काठ्या, कुऱ्हाडी, रिकामे डबे घेऊन निघाली. मी ओट्याला टेकून उभा होतो, तेवढ्यात मनगट थरथरले. घड्याळ माझे अभिनंदन करत होते: आजवरचा सर्वांत वेगवान किलोमीटर.

माणसे फार दूर गेली नसतील, तोच ती स्कूटीवरून आली. नेहमीच्याच वेगाने. गाडी लावली, डिकीतून पाण्याची बाटली काढली आणि माझ्या हातात दिली. एका म्हाताऱ्या बाईने कमरेवर हात ठेवून मला विचारले, "कसे जी मास्तर, बाईले एकटं टाकून आले?"

मी तोंड उघडण्याच्या आत पत्नी बोलली. "मीच धाडलं त्यायले. म्हटलं, तुमी धावता, जा, मानसं आना. मी हॉर्न वाजवतो."

"मंग बरं," म्हातारी म्हणाली. "मले वाटलं, मास्तर जीव घेऊन पळाले!" सगळे हसले. पत्नीही हसली. मी पाणी प्यालो.

ती गोष्ट माझ्या आधी ब्रह्मपुरीला पोचली. शिक्षकांच्या खोलीत एक सहकारी म्हणाले, "सर, तुमची प्रॅक्टिस कामी आली!" दुसऱ्याने विचारले, "वाघाले किती मिनिटांनं मागे टाकलं?" मी हसून खडू उचलला. घरी ती त्याविषयी एक अक्षर बोलली नाही. एकदाच, भाजी निवडता निवडता, न विचारता म्हणाली, "बसला होता तो. थोडा वेळ पायलं माह्याकडं. मंग कंटाळला आन गेला." तिच्या सांगण्यात मी कुठेच नव्हतो. एरवी सारे पूर्वीसारखेच चालले होते. ती मला वाचवत होती, आणि तिचे ते वाचवणे मी डब्यासारखे रोज घेत होतो.

पुढे गावातल्या धावणाऱ्यांच्या मंडळाने आम्हा दोघांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार ठरवला. तिने नको म्हटले. मीच तिला आग्रह केला. माझ्या मनात काय होते, ते मी तिला सांगितले नाही. छोटा हॉल भरला होता. तिच्या अंगणवाडीच्या मदतनीस बाई, काही मुलांच्या आया, शेजारी, माझे सहकारी, सारे आले होते. शाल खांद्यावर पडल्यावर मी माईक घेतला आणि सारे सांगितले. हॉर्नचा नियम माझा होता, हे सांगितले. मदत आणायला मी गेलो नव्हतो, मी तिला टाकून पळालो होतो, हेही सांगितले. शब्द नीट सुचत होते. शब्द मला नेहमीच नीट सुचतात. मग कोणीतरी टाळी वाजवली आणि सारा हॉल टाळ्यांनी भरला. अध्यक्षांनी मला मिठी मारली. असे खरे बोलायला वाघाचे काळीज लागते, असे ते म्हणाले. मी पत्नीकडे पाहिले. ती मांडीवरच्या शालीची घडी घालत होती.

घरी आल्यावर तिने कुलूप काढले. दारातच म्हणाली, "मले विचारलं होतं का?"

"खोटं सहन होत नव्हतं मला."

"तुमाले होत नव्हतं. मले होत होतं." तिचा स्वर चढला नव्हता. "महिनाभर मी सांगून राह्यली होती, मीच धाडलं म्हून. त्यात माह्यं काई होतं का नाई? मी धाडलं. मी उभी राह्यली. आता मी कोन? नवऱ्यानं टाकलेली बाई. उद्या अंगनवाडीत बाया माह्या तोंडाकडं पायतीन. तुमाले टाळ्या भेटल्या."

मी म्हणालो, "मला क्षमा हवी होती."

"मंग मले मागाची होती, इथी, घरात. लोकायले मागून काऊन आले? तवाई तुमी एकटेच मोकळे झाले जी, आन आजई एकटेच."

दुसऱ्या दिवशी मदतनीस बाईंनी तिला खरेच विचारले, "सर सोडून पळाले जी तुमाले? आन तुमी झाकत होत्या?" हे तिने सांगितले नाही, मला शेजारणीकडून कळले.

त्यानंतर ती गाडी घेऊन माझ्यामागे आली नाही. मी ते मागितलेही नाही. कॉलेजच्या मैदानावर चकरा मारतो. तिथे माणसे असतात. अजून धावतो, याचीही लाज वाटते. पण न धावणे म्हणजे पश्चात्तापाचे आणखी एक प्रदर्शन होईल, म्हणून धावतो. ती संध्याकाळी शेजारच्या दोन बायांबरोबर फिरायला जाते. एकदा मी विचारले, मीही येऊ का. ती चप्पल घालत होती.

"वाघ आला तं थांबाल का?"

ती थट्टा करत होती की नाही, मला कळले नाही. 'थांबेन' हा शब्द माझ्या तोंडात तयार होता. चांगला, ठाम शब्द. तो उच्चारण्यापूर्वी मी स्वतःला विचारून पाहिले, आणि आतून काहीच उत्तर आले नाही.

"सांगता येत नाही," मी म्हणालो.

तिने दुसरी चप्पल पायात सरकवली. "हं," म्हणाली. मग फाटकाबाहेर उभ्या असलेल्या बायांना "आली, आली" असे ओरडून सांगत निघून गेली. जाताना फाटक तिने उघडे ठेवले नाही, आणि आपटलेही नाही. नीट लावून घेतले.