मेंढरांची तोंडं

सांगलीच्या गावभागात भाऊसो पेंटरचं दुकान होतं. गेलेल्या माणसाचा लहानसा फोटो आणून द्यायचा, भाऊसो त्यावरून भिंतभर तैलचित्र काढून देणार. त्याचा हात गुळगुळीत होता. गाल गोरे, ओठ लाल, डोळ्यांत एक ठरलेला पांढरा ठिपका. गेली चार-पाच वर्षं ब्रश उचलायच्या आधीच चित्र संपलेलं असायचं, आणि हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच कुणी ते बोलून दाखवलं की तो अंगावर जायचा.

त्र्याहत्तर सालच्या दिवाळीआधी रहिमतपूरचे नाथाजी सुभेदार सांगून ठेवलेलं चित्र न्यायला आले. त्यांचा मुलगा सयाजी दोन वर्षांमागच्या लढाईत कामी आला होता. भाऊसोनं चित्रावरचं फडकं ओढलं. सुभेदार बघत राहिले.

"ह्यो कोण?"

"सयाजी. तुमी दिलेल्या फोटोवरनंच काढलाय."

"माझा पोरगा न्हाई ह्यो. कॅलेंडरावरचा कुणीतरी हाय."

"फोटोत हुतं तेवढं काढलं," भाऊसो म्हणाला. "खरा पायजे हुता तर जित्ता असताना आणायचा हुता."

सुभेदारांनी हात तेवढा उचलला नाही. चित्र भिंतीकडं तोंड करून ठेवलं आणि ते निघून गेले.

त्याच आठवड्यात मिरजेहून निरोप आला. भाऊसोचा धाकटा भाऊ धुळा घोड्यावरून पडला होता, मांडीचं हाड मोडलं होतं. भाऊसो दवाखान्यात गेला तेव्हा धुळाचा पाय प्लास्टरात होता.

"खुशाली विचारू नकोस," धुळा म्हणाला. "आई एकली हाय आन् मेंढरं एकशेचाळीस. रहिमतपूरच्या अंगाला पोचवायची हायती. दुसरं माणूस असतं तर तुझं तोंड बघितलं नसतं."

भाऊसो मूळचा आटपाडीकडच्या मेंढपाळाच्या घरातला. सांगलीत हे कुणाला माहीत नव्हतं, त्यानं होऊ दिलं नव्हतं. सतरा वर्षांचा असताना मेंढरं माळावर सोडून तो खडकावर कोळशानं चित्र काढत बसला आणि लांडग्यांनी अकरा कोकरं फाडली. बापानं काठी मोडेपर्यंत मारलं. भाऊसो पळाला, तो परत गेलाच नाही. बाप मेला तेव्हाही नाही. घर सोडून त्याला आता बारा वर्षं झाली होती.

आता मात्र तो गेला. मायेनं नव्हे. धुळानं भरल्या वॉर्डात त्याला "पळपुटा" म्हटलं, ते सहन झालं नाही म्हणून गेला.

आई, धोंडुबाई, वाघरीजवळ उभी होती. जाळीच्या त्या कुंपणाला एक हात धरून तिनं त्याच्या पँटीकडं, बुटांकडं बघितलं.

"ह्ये काढ," ती म्हणाली. "मेंढरं बुजत्याल."

बापाचं जुनं धोतर तिनं त्याच्या अंगावर फेकलं. पुढचे दोन दिवस ती त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. त्याला जे सांगायचं ते कुत्र्याला सांगायची. "त्याला म्हणावं मागं ऱ्हा. त्याला म्हणावं भाकरी खा."

तिसऱ्या दिवशी मायणीच्या तळ्यावर दुसरा कळप आला आणि पाण्यावर दोन्ही कळप एकमेकांत मिसळले. त्या कळपाचा मालक अर्जुना भराभर आपली मेंढरं ओढून काढू लागला. धोंडुबाईही काढू लागली. भाऊसोला सगळी सारखीच दिसत होती. काळी, तपकिरी, धुळीनं माखलेली. उभं राहणं बरं दिसेना म्हणून त्यानं एक मेंढी पकडून आपल्या बाजूला ओढली. ती अर्जुनाची निघाली.

"चोरतुस व्हय रं?" अर्जुनाची काठी त्याच्या खांद्यावर बसली.

"मार," धोंडुबाई म्हणाली. "त्यो चोर न्हाई, आंधळा हाय. मानसांची तोंडं काढतो म्हनं शेरात. घरच्या मेंढीचं तोंड त्याला वळखंना."

अर्जुना हसला. भाऊसोला काठीपेक्षा ते हसू जास्त झोंबलं.

दुसऱ्या दिवसापासून तो मेंढरांची तोंडं काढू लागला. त्यात प्रेम-बिम काही नव्हतं. आईला खोटं पाडायचं होतं. पोस्टरच्या पाठकोऱ्या कागदांची गुंडाळी त्याच्या पिशवीत होती. मेंढरं चरताना तो चालत-चालत काढायचा आणि दर चार रेघांना मान वर करून कळपावर नजर फिरवायचा. मेंढरं थांबत नव्हती, त्यामुळं नेहमीचा गुळगुळीतपणा जमेना. ठरलेला ठिपका बसेना. मेंढीच्या डोळ्यातली बाहुली आडवी होती. तिच्या डोळ्याकडं आपण कधी बघितलंच नव्हतं, हे त्याला लाजिरवाणं वाटलं आणि रागही आला.

पुसेसावळीच्या अलीकडं मेंढरं दुपारी बसली होती. धोंडुबाई मागून आली आणि त्याच्या हातातला कागद तिनं हिसकला. फाडणार असं वाटलं. तिनं तो उजेडाला धरला.

"ह्यो कान खोटा," ती म्हणाली. "ही बोरीची लेक. बोरीचा डावा कान मुडपल्याला हुता, हिचा बी हाय. नाक आजीचं, बोरीच्या आईचं. आजी गेल्या दुष्काळात मेली." मग दुसरा कागद. "ह्यी कोन? हिला रागच न्हाई. ही मेंढी समद्यास्नी ढुशा मारती, आन् तू हिला गरीब गाय करून ठिवलीस."

"मेंढीच्या तोंडावर राग कुठं दिसतो?"

"तुज्या बापाला दिसायचा. त्याच्या बापाला दिसायचा. त्यो एकशेचाळीस तोंडं अंधारात हातानं वळखायचा. तुला दोन डोळं दिल्यात ते कशाला?"

त्यानं कान पुसून पुन्हा काढला. तिनं बघितलं आणि कागद त्याच्या मांडीवर टाकून ती निघून गेली. त्या संध्याकाळी ती पहिल्यांदा कुत्र्याला मधे न घालता त्याला म्हणाली, "पानी आन."

रहिमतपूरच्या शिवारात उसाचे मळे लागले. माणसं बांधावर उभी राहून दगड मारत होती. "उसात घातली तर पाय मोडू," असं एकजण ओरडला. आवाज ओळखीचा होता. नाथाजी सुभेदार. धोतर, घोंगडं आणि वाढलेल्या दाढीत त्यांनी भाऊसोला ओळखलं नाही.

"मी पेंटर," भाऊसो म्हणाला. "सयाजी परत काढायचाय. फोटो नको. तुमच्या घरातली मानसं बघायची हायती."

सुभेदार खाली वाकले ते दुसरा दगड उचलायलाच. पण मळ्यात काम करत असलेली त्यांची बायको शालूबाई पुढं झाली. "बघू दे," ती म्हणाली.

घराच्या पुढच्या सोप्यात तो तिच्यासमोर बसला. बराच वेळ नुसता बघत राहिला. तिच्या डाव्या भुवईत केसांचा एक उलटा भोवरा होता.

"त्याला बी हुता ह्यो?"

"व्हय. फोटोवाल्यानं घालवला."

"रागावला की कसा दिसायचा?"

"माजा पोरगा कुनावर रागवायचा न्हाई," सुभेदार दारातून म्हणाले.

"रागवायचा," शालूबाई म्हणाली. "तुमच्यावरच. शेवटच्या सुटीत न जेवता गेला त्यो."

सुभेदार बाहेर निघून गेले.

धुळा उठून फिरायला लागल्यावर भाऊसो सांगलीला परतला आणि जुन्या चित्रावर पांढऱ्या रंगाचा हात मारून त्यानं नवं सुरू केलं. वीस दिवस लागले. पूर्वी चार लागायचे. भोवरा आला, बापाचे जाड कान आले, आवळलेला जबडा आला. दुकानात कुणी आलं तर तो हाकलून द्यायचा. रात्री झोपताना त्याला उद्याची रेघ दिसायची, असं पळून आल्यापासून कधी झालं नव्हतं.

चित्र तो स्वतः घेऊन गेला. शालूबाईनं पदर तोंडाला लावला आणि चित्राच्या गालावरून हात फिरवला. सुभेदारांनी एकदाच बघितलं.

"ह्यो भांडून गेलता, त्या दिवशीचा हाय," ते म्हणाले. "माजघरात लाव. सोप्यात नको. आन् तू पुन्ना ह्या घरात येऊ नगंस."

तो गेला नाही. इतर गिऱ्हाइकांचंही तसंच झालं. "आमचा म्हातारा एवढा खडूस नव्हता," म्हणून एकानं चित्र दुकानातच आपटलं. भाऊसो त्याच्याशी भांडला, पण रेघ बदलली नाही.

पुढच्या दिवाळीत तो न बोलावता आटपाडीला गेला. धुळा लंगडत पुढं आला.

"आमाला गरज न्हाई तुझी."

"मी तुज्यासाठी आलो न्हाई," भाऊसो म्हणाला आणि कळपाच्या मागं उभा राहिला.

दोघं भाऊ बारा दिवस कळपाच्या दोन टोकांना चालले. भाऊसोच्या पिशवीत कोरे कागद भरपूर होते, आणि धोंडुबाईनं एक आजारी कोकरू त्याच्या खांद्यावर टाकलं, त्याला विचारलंसुद्धा नाही.