उसनी जीभ

“भाऊ, जीभ द्या जरा,” असं म्हणत चाचा पळीभर डाळ घेऊन स्टोअरच्या दारात उभे राहायचे. मी रजिस्टर बाजूला सारून तळहात पुढे करायचो.

बिरवाडीजवळच्या आमच्या कारखान्यात ते कँटीनचे आचारी आणि मी स्टोअरचा कारकून. एरवी त्यांना कुणाच्या जिभेची गरज नसे. पण रमजान लागला की दीडशे माणसांचं जेवण रांधणाऱ्या या माणसाला आपल्या हातची डाळ चाखता यायची नाही. चाखून थुंकलं तर चालतं, असं कुणीतरी त्यांना सांगितलं होतं. “चालत असंल, माझं मन घेत नाय,” एवढंच ते म्हणाले.

मी चाखायचो आणि दरवर्षी तेच सांगायचो, “चाचा, थोडं कमी आहे.” मला खारटाचा भारी सोस. लोणचं-पापडाशिवाय माझा घास उतरत नाही. चाचा मुकाट्याने आणखी मीठ सोडायचे. भट्टीच्या धगीत, कोरड्या घशाने, दिवसभर उभे. थकलात का विचारलं तर म्हणायचे, “थकायला येळ कुठं हाय?” अशी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील. त्यांच्याकडे बघूनच आपण दमतो.

दोन वर्षांपूर्वी त्यांना हार्ट अटॅक आला. मुंबईला नेलं, अँजिओप्लास्टी झाली, आणि रमजानच्या आत चाचा परत भट्टीपुढे हजर. रोजे धरायला डॉक्टरांनी परवानगी दिली होती, पण अटी घालून.

“तळलेलं बंद, मीठ निम्मं, गोळ्या पहाटं सहरीला खाताना आन् रोजा सोडल्यावर. आन् रोज चालायचं,” त्यांनी मला बोटांवर मोजून सांगितलं. “म्हातारपणी शाळेत घातलाय भाऊ मला.”

पण शाळा त्यांनी इमानाने केली. पोलादपूरला दिलेली मुलगी समोसे पाठवायची, ते वॉचमनच्या पोटात जायचे. रिक्षा सोडून फाट्यापर्यंत पायी निघायचे. दर दहा पावलांवर थांबायचे आणि कुणी बघतंय असं वाटलं की उगाच चप्पल नीट करायचे.

त्या रमजानात एकदा मला संध्याकाळपर्यंत थांबावं लागलं. अजान झाली. चाचांनी खजूर खाल्ला, पाणी प्यायलं, कलिंगडाच्या दोन फोडी खाल्ल्या. मग त्यांनी डबा उघडला. आत भात आणि दुपारचीच डाळ.

“हे खाता तुम्ही?”

“मग? इतकी वर्सं रमजानात हीच खातो की. घरी पोचायला उशीर हुतो.” घास घेत ते म्हणाले, “आता निम्मंच मीठ टाकतो. मग तुमी सांगाल तेवढंच वाढवतो. तुमची जीभ खरी.”

आठ वर्षं मी माझ्या आवडीने त्यांच्या ताटात मीठ ओतत होतो. अटॅकनंतरही.

दुसऱ्या दिवशी मी तळहात चाटला. डाळ मिळमिळीत. म्हटलं, “बरोबर आहे.”

तिसऱ्या दिवशी कामगारांनी ताटं आपटली. “चाचा, ही डाळ हाय का आंघोळीचं पाणी?” चाचा माझ्याकडे बघायला लागले. मी तोंड वाकडं करून म्हणालो, “मला तर खारट लागतेय.” सगळे हसले, चाचाही हसले. मग त्यांनी टेबलाटेबलावर मिठाच्या वाट्या ठेवल्या. “ज्याला पायजे त्यानं वरनं घ्या.” वाटीकडे माझा हात जायचा, मी तो मागे घ्यायचो. पुढे सवयच झाली. पुढचा रमजानही असाच पार पडला.

या हिवाळ्यात चाचा झोपेतच गेले. थोड्या दिवसांनी मी दासगावला त्यांच्या घरी गेलो. चाचींनी चहा दिला आणि पदर सावरून समोर बसल्या.

“तुमचं लय नाव काढायचे,” त्या म्हणाल्या. “भाऊंच्या जिभेवर चाललोय म्हनायचे. अटॅकनंतर दोन रमजान मिळाले ते तुमच्यामुळं. अल्ला तुमचं भलं करो.”

आधीच्या आठ वर्षांच्या मिठाची गोष्ट माझ्या ओठांवर आली होती. पण चाचींच्या चेहऱ्यावरचं समाधान बघून माझ्याने बोलवेना. मला स्वतःची लाज वाटत होती.

आणि खरं सांगू? चाचांनाही मी ते कधी सांगितलं नव्हतं.