एका रायफलीसाठी सतराशे साठ पावडरी

अख्ख्या बहरीनमध्ये निर्णय लांबणीवर टाकण्यात आमच्या दाजींचा हात धरणारा माणूस सापडायचा नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. उम्म अल हस्सममध्ये राहतात, एका कंपनीत हिशेब तपासतात आणि उरलेला सगळा वेळ रायफलीच्या काडतुसात भरायची पावडर निवडतात. इथे त्यांच्याजवळ रायफल नाही, काडतूस नाही, चिमूटभर पावडरही नाही. रायफल आहे ती पाटणजवळच्या गावी, त्यांच्या वडिलांकडे, म्हणजे आबांकडे. रानडुकरांपासून शेत राखायला घेतलेली, परवान्याची. आबांची नजर आता अधू झाली. परवाना मुलाच्या नावावर करायचा तर मुलाने स्वतः जाऊन उभं राहायला हवं. आबा दर शुक्रवारी फोनवर विचारतात, "कधी येतोस?" दाजींचं उत्तर ठरलेलं, "आधी पावडर ठरू द्या, आबा. मग एकदाच येतो आणि सगळं मार्गी लावतो."

आता पावडर निवडायला असा किती वेळ लागावा? पण दाजींना पाहिजे सगळ्या रायफलींना चालणारी एकच पावडर. हलक्या गोळीला चालली पाहिजे, जड गोळीला चालली पाहिजे, झटकन भडकायला नको, जळताना रेंगाळायलाही नको, इथल्या सखीरच्या वाळवंटातल्या उन्हात आणि पाटणच्या थंडीत सारखीच वागली पाहिजे. अहो, घरात रायफल एक, तिला काडतूस लागतं एकाच जातीचं! हे मी बोलून दाखवलं तर म्हणाले, "तुला दूरदृष्टी नाही." बरं, घरी काडतुसं भरायची तर त्यालाही सरकारची परवानगी लागते, तिचं तर यांनी अजून नावही काढलेलं नाही. हा माणूस शर्टसुद्धा असाच घेतो, ऑफिसला, लग्नाला आणि मयतीला चालेल असा, आणि तिन्ही ठिकाणी विचित्र दिसतो.

त्यांच्या प्रयोगांबद्दल तर बोलायलाच नको. बाब अल बहरीनच्या बाजारातून सोनाराचा छोटा काटा आणला. खरी पावडर इथे मिळणार कुठून, म्हणून ताईच्या स्वयंपाकघरावर धाड. बारीक दाण्याची पावडर मापात सरळ पडेल का, हे रव्यावर बघायचं. जाड दाण्याची अडकेल का, हे साबुदाण्यावर. एका एकादशीला मी गेलो तर ताई उपाशी बसलेली आणि साबुदाण्याचे टेबलावर ढीग मांडलेले. "साबुदाणा खलास," दाजी गंभीरपणे म्हणाले, "नरसाळ्यात अडकतो. रवा उत्तम." ताई म्हणाली, "मग उपवासाला रवा खाऊ का मी?" यावर दाजी काट्याचं पारडं पुसत बसले.

परवाच्या शुक्रवारी मी त्यांच्याकडेच जेवायला होतो. फोन स्पीकरवर होता. आता फक्त दोनच पावडरी उरल्यात, इंशाल्ला महिन्याभरात निकाल लागेल, असं दाजी उत्साहाने सांगत होते. आबांनी सगळं ऐकून घेतलं, नेहमी घेतात तसं. मग म्हणाले, "बंदूक मी ठाण्यात जमा केली रे. परवान्याची मुदत संपली. आता तुला यायची घाई नाही. सुट्टी वाया घालवू नकोस." आवाजात राग असता तरी बरं वाटलं असतं. दाजी नुसते "बरं" म्हणाले. फोन ठेवल्यावर त्यांच्या पुढ्यातला भात निवून गेला.

मग दाजी म्हणाले, "मी सुट्टी टाकतोय."

"आता कशाला?" ताई म्हणाली. "बंदूक तर गेली."

"आबांना भेटायला."

टूथब्रश घ्यायचा तरी पाच दुकानं पालथी घालणारा हा माणूस, जेवणाच्या ताटावर बसूनच त्याने मोबाइलवर दिसलं ते पहिलं तिकीट काढलं. महागडं, शिवाय मध्ये दुसऱ्या विमानतळावर रात्रभर बसून राहायचं. मला राहवलं नाही. म्हटलं, दाजी, थेट विमान दोनच दिवसांनी आहे, तेही स्वस्त.

"दोन दिवस कोण थांबतो रे," दाजी म्हणाले, आणि हात धुवायला उठले.