जुनाटभाऊचा वर गेलेला हात

अगं वर्षे, जवळ बसून ऐकल्यासारखं वाच. दोन वर्षांत आमच्या मेडशी गावाचा रस्ता विसरलीस आणि आता फोनवर विचारतेस, आजी, आमचे बाबा तिकडे असताना कसे होते? असं फोनवर कळतो होय माणूस?

तुझ्या बापाला आम्ही जुनाटभाऊ म्हणायचो. मंगरूळपीरला त्याचं संगणक दुरुस्तीचं दुकान. संगणकाचा डबा उघडला की आतली झुरळं हातानं उचलून टाकायचा, तोंडसुद्धा वाकडं करायचा नाही. पण कुणी ‘हे जुनं झालं, फेका’ म्हटलं की दारात जाऊन थुंकून यायचा. ‘चालते ना? मंग फेकता कायले?’ एवढंच त्याचं पुराण.

बायांच्या भजनात पेटी माझी. डाव्या हाताला लकवा मारला आणि भाता ओढणं संपलं. तर हा एसटीनं, मांडीवर जुना संगणक घेऊन हजर. त्यात त्यानं स्वतः बनवलेली पेटी. असल्या वाद्याच्या सॉफ्टवेअरला प्लगिन म्हणतात म्हणे. एका हातानं पट्ट्या दाबायच्या, भाताच नाही. मी रडले, बाई. फक्त पट्टी दाबली की सूर जरा उशिरा यायचा. टाळ पुढं, मी मागं. तो म्हणाला, ‘काकू, थोडं थांबा. नवे नियम होऊन राह्यले, त्यात ही खोट निघून जाईन.’

ते नियम देशोदेशीच्या प्लगिनवाल्यांचं एक मंडळ ठरवायचं: प्लगिन कसं बनवायचं, कोणकोणत्या यंत्रांवर चाललं पाहिजे. तुझा बापही त्यात. शेवटची बैठक त्यानं माझ्याच घरून केली, काकू समोर असली की धीर येतो म्हणून. पडद्यावर चेहरेच चेहरे. हा मधूनमधून मला मराठीत सांगे. माझ्या संगणकासारखी जुनी यंत्रं यादीतून काढायची, कारण सांभाळायची कटकट होते. म्हणजे माझ्या पेटीतली खोट तशीच राहणार. आणि जे यंत्र अजून बाजारातही आलं नव्हतं, त्याला मानाचा पाट. पंगतीतून फाटक्या पाहुण्याला उठवून पुढाऱ्याला बसवतात ना, तसं. एवढी शिकलेली माणसं. मला किळस आली.

मग मत घेतलं. सगळ्यांचे हात वर. तुझ्या बापाचाही.

‘काहून रे?’ मी विचारलं.

त्यानं मान खाली घातली. ‘सगळ्याईनं केला, काकू. एकट्यानं खाली ठेवाले लाज वाटली.’

शी! त्या मंडळापेक्षा मला ह्याचाच जास्त वीट आला. दुसऱ्या दिवशी नवा संगणक घेऊन देतो म्हणाला. मी म्हटलं, ‘मले डबा नको. तुह्या दुकानाच्या दारात आता थुंकन कोण?’

त्यानंतर तो ना त्या मंडळात गेला, ना मेडशीला आला. दुकान विकून तुझ्याकडे पुण्याला गेला. तुला वाटलं, वय झालं. वय नाही पोरी, तोंड लपवून बसलाय तो.

राग माझाही पुरता उतरलेला नाही. पण एवढा चांगला माणूस एका हातापायी घालवायचा का? संगणक अजून चालतो, सूर अजून उशिरा येतो, आणि मला गाठता यावं म्हणून बाया आता मुद्दाम संथ म्हणतात. मी सांगितलं नव्हतं, त्यांचं त्यांनीच सुरू केलं. हे त्यानं येऊन ऐकावं. गुरुवारी जमतो आम्ही. शेतातल्या तुरी सोंगायच्या, कापायच्या आधी ये, आणि त्याला घेऊनच ये.