पॉइंट टू टूनं डुक्कर मरत नाही

मी शहरात मुलामुलींना रायफल नेमबाजी शिकवते. लग्नाआधी स्पर्धा खेळले, नंतरही काही वर्षं खेळले, आता चिकलठाण्याला राहते आणि रोज रेंजवर जाते. सासर देवगाव रंगारीचं. तिथं मी बंदूकवाली सून.

माझी रायफल पॉइंट टू टूची. तिची गोळी तुरीच्या दाण्यापेक्षा जराशी मोठी. पन्नास मीटरवर कागद लावायचा आणि त्यावरच्या शर्टाच्या बटणाएवढ्या वर्तुळात ती गोळी पाडायची, एवढंच तिचं काम. हे सासरी किती वेळा सांगितलं याला गणती नाही.

मागच्या वर्षी मका कणसाला आली आणि रानडुकरांचा कळप शेतात शिरायला लागला. मी स्वतः जाऊन बघितलं. उभं पीक कुणी गाद्या टाकून लोळल्यासारखं आडवं झालं होतं, अर्धवट खाल्लेली कणसं चिखलात तुडवलेली. मोठ्या दिरांचा संताप मला कळत होता. ते म्हणाले, "वनखात्याची परवानगी मी काढली. तुम्ही फकस्त गोळी घाला."

"भावजी, या बंदुकीनं डुक्कर मरत नाही. जखमी होतं."

"माणूस मरतो म्हणं हिनं."

"माणसाला डुकराचं कातडं नसतं. त्याच्यावर चिखलाचा थर असतो, खांद्याला दोन बोटं जाड चरबी असते. मोठ्या रायफलीचा परवाना असलेला कुणी बघा."

"मग डोस्क्यात घाला की. तुमचा निशाणा तर पक्का हाय."

"कागद हलत नाही, भावजी. डुक्कर हलतं."

ओट्यावर बसलेले सासरे म्हणाले, "राहू द्या रं, सूनबाईला भेव वाटतंय." सगळे हसले. माझा नवराही हसला. परतीच्या वाटेवर मी त्याला म्हटलं, निदान तू तरी हसायला नको होतंस. तो म्हणाला, "अगं, गंमत केली त्यांनी. मनावर काय घेतेस?"

दिरांनी मग बिडकीनकडचा एक माणूस शोधला. त्याच्याकडेही पॉइंट टू टूच होती, पण वर दुर्बीण लावलेली, म्हणून ती मोठी वाटायची. मी दिरांना फोन केला, कळवळून सांगितलं. त्यांनी फोन त्या माणसाच्याच हातात दिला.

"ताई, कानामागं बसली की हत्ती बी पडतो," तो म्हणाला.

"आणि नाही बसली तर?"

"बसती ओ. आपला हात लई साफ हाय."

दिवस मावळताना त्यानं मचाणावरून गोळी घातली. डुक्कर किंचाळलं, गोल फिरलं आणि नाल्याकडं पळालं. बांधावर रक्ताचे चार थेंब सापडले. ही सगळी हकीकत जाऊबाईंनी फोनवर सांगितली. पाहुणा जेवला, गाडीत बसला आणि निघून गेला.

"शोधलं का कुणी त्याला?" मी विचारलं.

"मरंल म्हणाले आपोआप."

सकाळी मी दिरांना पुन्हा फोन केला. जखमी जनावर नाल्यात आहे, वनखात्याला कळवा, त्या बाजूला कुणी जाऊ नका. ते म्हणाले, "व्हय, व्हय, बघतो." बघितलं कुणीच नाही.

दोन-तीन दिवसांनी नाल्यातून मेंढ्या काढताना एका मेंढपाळाची मांडी त्या डुकरानं फाडली. दिरांचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज पार बदललेला होता. "बंदूक घेऊन या. वनरक्षक आलेत, पण त्यांच्याकडं काठीच हाय. बिडकीनवाला फोन उचलत नाय."

मी गेले. रागानं गेले. वाटेत नवरा काहीतरी समजावत होता.

मेंढपाळाला जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं होतं. त्याची बायको नाल्याच्या काठावर मेंढ्या आवरत उभी होती. माझ्या हातात बंदूक बघून तिला वाटलं, गोळी घालणारी मीच.

"तुमची मका वाचली का?" ती म्हणाली. "आमचा माणूस फाडला तवा वाचली का?"

मी नाही, दुसऱ्यानं घातली होती, असं सांगता आलं असतं. माझ्या शेजारी दीर उभे होते. त्यांनी मान खाली घातली. पण तिच्या दृष्टीनं आम्ही सगळे एकच होतो.

डुक्कर वेड्या बाभळीच्या जाळीत पडलं होतं. उठायचा प्रयत्न करत होतं, पण मागचे पाय साथ देत नव्हते. गोळी कानामागं लागलीच नव्हती, जबड्यात लागली होती. खालचा जबडा एका बाजूनं तुटून लोंबत होता, त्यावर माश्या बसल्या होत्या; दुसऱ्या बाजूचा सुळा मात्र शाबूत होता. इतके दिवस त्याला ना खाता आलं होतं, ना धड पाणी पिता.

वनरक्षक म्हणाला, "मॅडम, आता तुम्हीच करा."

सामन्याची जड रायफल जाळीत घेऊन वाकणं सोपं नव्हतं. तिच्या नेम धरायच्या बारीक छिद्रातून एवढ्या जवळचं काही नीट दिसत नाही. मी नळी जवळजवळ टेकवली आणि गोळी घातली. त्यानं एकदा पाय ताणले आणि निपचित झालं.

मागून कुणीतरी मोबाईल धरून ओरडलं, "एका गोळीत! बघा, मॅडमनं एका गोळीत पाडलं!"

संध्याकाळपर्यंत व्हिडिओ तालुकाभर गेला होता. त्यात ना तुटलेला जबडा दिसत होता, ना मेंढपाळाचं रक्त. सासरे येईल त्याला सांगत होते, आमच्या सूनबाईनं बारीक बंदुकीनं डुक्कर मारलं. मी म्हटलं, "मामा, ते आधीच मरत होतं. बिडकीनवाल्यानं त्याचे हाल केले, मी फक्त ते संपवले." ते म्हणाले, "मेलं ना पर?"

मेंढपाळाच्या मांडीला बरेच टाके पडले. मी दवाखान्यात भेटून आले. त्याची बायको मला बघून बाहेर निघून गेली. दिरांनी दवाखान्याचा खर्च केला, पण त्या माणसाला अजून सरळ चालता येत नाही. कळपातली बाकीची डुकरं यंदाही मक्यात येतात.

आणि मला फोन येतात. कन्नडकडून येतात, पैठणकडूनही. परवा एकजण म्हणाला, आमच्याकडं रोही, म्हंजी नीलगाई, लई झाल्यात, तुमच्यासारखी बारीक रायफल एकाकडं हाय, चालंल ना? मी त्याला सगळं सांगितलं, पहिल्यापासून. जबडा, माश्या, मेंढपाळ, सगळं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"पर तुमी तर एका गोळीत पाडलं ना, मॅडम?" तो म्हणाला.