मोठे ब्रेक, जुनी चाकं

आमचं शेवटचं भांडण गाडीच्या ब्रेकवरून झालं. बत्तीस वर्षांच्या संसारात आम्ही खारट भाजीवरून भांडलो, माहेरच्या लग्नाला उशिरा पोहोचलो म्हणून भांडलो, पण ब्रेकवरून भांडायची पाळी येईल असं वाटलं नव्हतं. कुरिअरवाला एक जड खोकं ओसरीत ठेवून गेला. उघडलं तर आत परातीएवढ्या दोन लोखंडी चकत्या आणि लाल रंगाचे दोन मोठे ठोकळे.

"हे काय आणलं?"

"ब्रेक. रेसच्या गाड्यांले असतेत तसे."

"तुमसरात कुठं रेस लावाची आहे तुम्हाले? आन हे एवढं धूड त्या चाकात बसनार हाये का?"

"बसते," एवढंच म्हणाले आणि चष्मा पुसत राहिले.

"म्हातारपनी खूळ लागलं तुम्हाले," मी म्हणाले. पुढचे चार दिवस आम्ही कामापुरतं बोललो. पाचव्या दिवशी सकाळी ते अंघोळ करून आले, पलंगावर टेकले आणि उठलेच नाहीत.

लोक म्हणाले, भाग्यवान, त्रास न होता गेले. मी मान डोलावत होते. भांडण अर्धं टाकून गेले हे कोणाला सांगायचं? आमची भांडणं मिटायची, प्रत्येक वेळी. हे एकच तसंच पडून राहिलं, पलंगाखालच्या त्या खोक्यासारखं. लेक पुण्याहून फोन करून म्हणायची, "आई, परत पाठवून दे ना ते." मी तिला हो म्हणायची आणि खोक्यावरची धूळ पुसून पुन्हा आत सारायची. आठ महिने असे गेल्यावर मी ठरवलं, हे ब्रेक गाडीला लावायचे. ते खरे होते की मी, एकदाचा निकाल लागू दे.

नाकाडोंगरीच्या रस्त्यावर आमचा जुना मिस्त्री आहे. त्याचं आयुष्य मॅंगनीजच्या खाणीतल्या टिप्परांखाली दुरुस्ती करण्यात गेलं. त्यानं खोक्यात पाहिलं, मग आमच्या चाकाकडं पाहिलं.

"बाई, मोठी चाकं घ्या. विषयच संपला."

"नाही. हीच चाकं."

ती चाकं ते दर रविवारी माझ्या जुन्या टूथब्रशनं घासायचे. माझ्यापेक्षा त्यांचं चाकांशीच जास्त जमतं, असं मी रागानं म्हणायची. शिवाय 'बसते' म्हणाले होते ते याच चाकांबद्दल. नवी चाकं लावून ते खरे कसे ठरले असते?

मिस्त्रीनं मान खाजवली. म्हणाला, चाक चढवल्यावर आत किती फट राहते ते डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी ब्रेकच्या ठोकळ्यावर कणीक थापायची, चाक चढवून हातानं एक फेरा द्यायचा आणि उतरवायचं. कणीक जिथं सगळ्यात पातळ दबली, तेवढीच फट. "उद्या येतानी कणकेचा गोळा घेऊन येजा."

घरी येऊन डबा उघडला तेव्हा ध्यानात आलं, कणीक नाहीच. संपली कधी तेही आठवेना. मी भातच टाकत होते, सकाळी एकदा, तोच दुपारी आणि तोच संध्याकाळी. तांदळाचं पीठ मात्र होतं. पीठ ते पीठ, म्हणून तेच गरम पाण्यात मळून नेलं.

मिस्त्रीनं ते थापलं, चाक चढवलं, फिरवलं, उतरवलं. पीठ भुगा होऊन खाली पडलं होतं. लोखंडाला लोखंड घासल्याची खूण दिसली नाही, म्हणून तो खूश झाला. "बसलं की, बाई!" दोन्ही बाजूंचं काम पुरं करून त्यानं गाडी जॅकवरून उतरवली. दहा पावलं गेली नाही तोच चाकातून खर्र असा आवाज आला.

त्यानं चाक काढलं आणि खाली पडलेला पिठाचा तुकडा बोटात चुरून पाहिला.

"हे कशाचं पीठ होय?"

"तांदळाचं."

"हे दबत नाही, नुसता भुगा होते. काहून, घरी गहू नाही?"

"एकटीसाठी पोळ्या कोन लाटते?"

गॅरेजच्या मागंच त्याचं घर होतं, तिकडं त्यानं हाक दिली. त्याची बायको परातीत मळलेली कणीक घेऊन आली, वर ओलं फडकं घातलेलं. पाच-सहा माणसांची कणीक होती. तिनं त्यातला एक गोळा तोडून नवऱ्याला दिला आणि मला म्हणाली, "जेवूनच जाजा, बाई." मी त्या परातीकडं पाहत राहिले. मला तिचा हेवा वाटला, आणि आपण कणकेचा हेवा करतो आहोत याची लाजही वाटली.

कणकेनं खरं सांगितलं. एका जागी ती विड्याच्या पानाएवढी पातळ झाली होती. चाक जरा बाहेर सरकावं म्हणून मिस्त्रीनं लेथवाल्याकडून चाकामागं घालायच्या दोन चकत्या करून आणल्या, लांब बोल्ट घातले आणि तिसऱ्या दिवशी चाक फिरवून मला कान लावायला सांगितलं. काही आवाज नव्हता. जुन्या चाकांत मोठे ब्रेक बसले होते.

"आता बसा, चालवून पाहा."

"मी? मी कुठं चालवतो आता!"

"तुमच्यासाठीच त साहेबानं मागवले." तो चकितच झाला. "मले म्हनत, बाईचा गुडघा दुखते, जोरानं दाबाले होत नाही, म्हनून गाडी सोडली तिनं. अलगद पाय ठेवला का थांबाले पाहिजे. तुम्हाले नाही सांगतलं?"

नव्हतं सांगितलं. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर एकदा नीलगाय, आमच्याकडची रोही, आडवी आली, कळ आली म्हणून पाय दाबला गेला नाही आणि मी गाडी नालीत घातली. त्या दिवसापासून किल्ली हातात घेतली नव्हती. गुडघ्याचं कोणी नाव काढलं की मी अंगावर धावून जायची. म्हणून त्यांनी ते नाव काढलं नाही. रेसचं म्हणाले, आणि वेडे ठरले.

मी बसले. आंबागडच्या फाट्यापर्यंत गेले. रस्ता मोकळा पाहून नुसता पाय टेकवला, गाडी थांबली. पुन्हा थोडं जाऊन टेकवला, पुन्हा थांबली. गुडघा दुखला नाही. कडेला गाडी लावून मी पोटभर रडले आणि परत आले.

मिस्त्री हात पुसत उभा होता. "कसे आहेत?"

"माह्यं चुकलं," मी म्हणाले. "खूळ म्हटलं मी त्यायले. तसं म्हनायले नाही पाहिजे होतं."

तो गडबडला. हातातल्या फडक्याकडं पाहत म्हणाला, "मले सांगून काय होते, बाई?"

काहीच होत नव्हतं. पण दुसऱ्या कोणाला सांगणार होते मी?