लख्खीचं बाळ

ती प्रसूतीच्या वॉर्डात फरशी पुसायची. तिथल्या सफाईच्या बायकांना सगळे मावशी म्हणत, तिला मात्र लख्खी. तिनं पुसलेल्या फरशीत छताचा दिवा दिसायचा.

"एवढं घासशील तर एक दिवस खालच्या मजल्यावर पडशील," तिची जोडीदारीण, थोरली मावशी, म्हणायची. लख्खी हसायची आणि पुन्हा कोपऱ्यात फडकं घालायची. कोपरा राहिला की तिला घास गोड लागत नसे.

लख्खीला दिवस गेले, आणि पाचव्या महिन्यात तिच्या अंगावरून पांढरं जाऊ लागलं. वास येई.

"जगाची घाण काढतेस, स्वतःची निघत नाही होय?" नणंद नाक मुरडून म्हणाली.

ते जिव्हारी लागलं. डॉक्टरीणबाई रोज समोरून जायच्या, पण लख्खी भिंतीला चिकटून उभी राही. शेवटी तिनं वॉर्डातलं जंतुनाशक बाटलीत घेतलं आणि घरी पाण्यात मिसळून आतून धुऊ लागली. आग व्हायची. आग होते म्हणजे साफ होतंय, असं तिला वाटे. वास जाई आणि दुपटीनं परत येई. मग ती औषध वाढवी.

सातव्यातच कळा आल्या. मुलगी झाली, किलोभरही भरली नाही. डॉक्टरीणबाईंनी खोदून विचारलं तेव्हा लख्खीनं बाटलीचं सांगितलं. त्या खाटेवर टेकल्या.

"अगं, आत चांगले जंतूही असतात, राखण करणारे. वाईटांचा जोर झाला होता, त्याला गोळ्या होत्या. तू राखणदारच धुऊन टाकलेस."

"सुक्याबरोबर ओलंही जळलं." लख्खी थांबली. "माझ्यामुळंच झालं का, बाई?"

"तसं छातीठोक कुणी सांगू शकत नाही. वाईट जंतूंनीही होतं असं. पण मला विचारायचं होतंस."

"वास येत होता ना. जवळ कशी येऊ?"

डॉक्टरीणबाई सरकून तिच्या अगदी जवळ बसल्या.

लेक काचेच्या पेटीत होती. लख्खी भिंत धरून जायची. आधी हात धू, असं सिस्टर म्हणाली की नळाखाली बोटं उघडायला तिला वेळ लागे.

एका सकाळी लेक गेली. सिस्टरनं तिला कापडात गुंडाळून नेलं आणि थोरली मावशी पेटी पुसायला आली. लख्खी दारात उभी राहून बघत होती. थोरलीचं फडकं काचेवरून भराभर फिरलं.

"कोपरा राहिला," लख्खीच्या तोंडून निघून गेलं.

थोरलीनं मान वर केली नाही. तिनं कोपरा पुसला. मग तोच कोपरा कितीतरी वेळ पुसत राहिली.